हनिमूनचा बीच स्वस्त का पडतो?

लग्नसराई जवळ आली की आमच्या शॉमबर्गच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "डिसेंबरमध्ये भारतात लग्न आहे, परत येताना हनिमून उरकायचा. फुकेत करू, क्राबी करू की बाली?" तासाभरात तीस-चाळीस उत्तरं. फुकेतला गर्दी फार, क्राबीचं पाणी नितळ, बालीत फोटो भारी, लंकावी शांत. आणि जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही दोन वाक्यं असतातच: "स्वस्त पडतं" आणि "माणसं इतकी गोड, कशाला नाही म्हणत नाहीत."

माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे. स्वस्त का पडतं, आणि ती माणसं नाही का म्हणत नाहीत, हे कुणीच विचारत नाही. आपण स्वतः परदेशात दुसऱ्याच्या मर्जीवर काम करणारी माणसं. निदान आपल्याला तरी हा प्रश्न पडायला हवा.

मी बांधकामावरचा माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा, आधी पुण्याकडच्या साइट, मग दोन वर्षं आखात, आता बायकोच्या एच-१बीवर एच-४ आणि ईएडी घेऊन इथे सुपरवायझर. एखादी इमारत बघितली की मला पहिला प्रश्न हाच पडतो, की याचा स्लॅब कुणी टाकला आणि ती माणसं रात्री झोपायची कुठे. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या रिसॉर्टलाही हाच प्रश्न लागू आहे.

आधी पैशाचं बघू. फुकेतमध्ये १ जानेवारी २०२५ पासून किमान मजुरी दिवसाला ४०० बाट झाली. थायलंडमधला तेव्हाचा तो सगळ्यात वरचा दर. क्राबीत त्याहून कमी. ४०० बाट म्हणजे साधारण १२ डॉलर. त्याच तारखेपासून इलिनॉयमध्ये किमान वेतन झालं तासाला १५ डॉलर. म्हणजे वुडफील्ड मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोराला एका तासात जे मिळतं, ते फुकेतच्या रिसॉर्टमध्ये दिवसभर चादरी बदलणाऱ्या बाईला कायद्याने मिळालंच पाहिजे असं नाही. बालीत २०२५ चं किमान वेतन होतं महिन्याला सुमारे ३० लाख रुपिया. ऐकायला मोठं वाटतं, पण होतात १८० डॉलरच्या आसपास. एवढ्यात तुमची त्या "प्रायव्हेट पूल व्हिला"मधली एक रात्रसुद्धा निघत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, "अहो, पण तिथे महागाई कमी आहे." असेल. पण फुकेत ही थायलंडमधली महागडी जागा आहे. तिथे खोलीचं भाडं पर्यटकाचा खिसा बघून ठरतं. मजुरी मात्र मजुराची गरज बघून ठरते, म्हणजे तो किती नडलेला आहे ते बघून. मधला फरक मालकाकडे जातो आणि त्यातला थोडा डिस्काउंट म्हणून तुमच्याकडे येतो. "स्वस्त पडतं" याचा अर्थ एवढाच.

आता "नाही म्हणत नाहीत" याकडे येऊ. दक्षिण थायलंडच्या किनाऱ्यावर सेंटरिंग ठोकणारे, सळई बांधणारे, विटा वाहणारे, मागच्या बाजूला भांडी घासणारे मोठ्या संख्येने म्यानमारमधून आलेले आहेत. २००८ च्या एप्रिलमध्ये १२१ बर्मी माणसं मासळी वाहायच्या बंद गाडीत कोंबून रानोंगमधून फुकेतच्या दिशेने नेली जात होती. हवा येणं बंद झालं. ५४ जण गुदमरून मेले, त्यात निम्म्याहून जास्त बायका. जे वाचले त्यांच्यावर गुन्हा लागला बेकायदा प्रवेशाचा. ही माणसं चालली कुठे होती? कामाला. ज्या फुकेतला आपण उतरल्यावर पहिला फोटो टाकतो, तिथे.

त्याआधी २००६ च्या अखेरीस फुकेतच्या प्रशासनाने परदेशी मजुरांसाठी हुकूम काढला होता. रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही, मोटरसायकल चालवायची नाही, मोबाइल वापरायचा नाही, घोळका करायचा नाही. आसपासच्या काही प्रांतांतही असेच हुकूम होते. रात्रभर जागं राहणाऱ्या बेटावर, ते बेट बांधणाऱ्याला आठ वाजता आत कोंडायचं! २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा खाओ लाकच्या किनाऱ्यावर हॉटेलांच्या साइटवरच बर्मी मजूर राहत होते. किती वाहून गेले याचा नीट हिशेब लागला नाही, कारण पकडले जाऊ या भीतीने नातेवाईक प्रेतं ओळखायलासुद्धा पुढे येईनात.

आणि थायलंडच्या १९७५ च्या कामगार संबंध कायद्यानुसार युनियन काढायची किंवा तिच्या कमिटीवर बसायचं तर थाई नागरिकच असावं लागतं. परदेशी मजूर असलेल्या युनियनमध्ये सभासद होऊ शकतो, स्वतःची काढू शकत नाही. ज्याला युनियन काढायची सोय नाही, ज्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला आहे, तो तुम्हाला नाही कसं म्हणणार? तुम्ही ज्याला गोडवा म्हणता त्यात स्वभाव किती आणि धास्ती किती, हे पाच रात्रींत कळत नाही.

मलेशियाची गोष्ट वेगळी नाही. तिथे दुसऱ्याचा पासपोर्ट ताब्यात ठेवणं १९६६ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तरी नेपाळी आणि बांगलादेशी कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवण्याची पद्धत चालूच राहिली. हे मला कुणी समजावून सांगायला नको. आखातात माझा स्वतःचा पासपोर्ट दोन वर्षं कंपनीच्या तिजोरीत होता. "हरवेल म्हणून ठेवतो," असं सांगायचे. आजी वारली तेव्हा पासपोर्ट हातात पडायला अकरा दिवस लागले. तेराव्याला पोचलो.

मार्च २०२५ मध्ये म्यानमारमध्ये भूकंप झाला आणि बँकॉकमध्ये काम चालू असलेली तीस मजल्यांची सरकारी ऑडिट कार्यालयाची इमारत काही सेकंदांत खाली बसली. शहरातले बाकी टॉवर उभे राहिले, ही एक बसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक मजूर, त्यात म्यानमारचेही. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर चौकशी काय होती? "पुढच्या महिन्यात बुकिंग आहे, कॅन्सल करावं का?" ढिगाऱ्याखाली आपल्याच धंद्यातली माणसं आहेत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

आता आपली बाजू बघा. आपल्यातले कित्येक जण हनिमून आणि एच-१बीचं स्टॅम्पिंग एकाच फेरीत उरकायचे. बँकॉकला मुलाखत, मग चार दिवस बीच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सांगितलं की मुलाखत आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच द्या. त्याच महिन्यात एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली आणि लोक विमानातून उतरून परत फिरले. डिसेंबरमध्ये भारतातल्या अपॉइंटमेंट महिनोन् महिने पुढे ढकलल्या गेल्या, लग्नाला गेलेली जोडपी तिथेच अडकली. तेव्हा आपल्याला कळलं की आपला पगार कितीही मोठा असला तरी आपण परवान्यावरचे कामगार आहोत. तेव्हा आपण "अन्याय" हा शब्द वापरला, आणि बरोबर वापरला. मग तोच शब्द हॉटेलच्या मागच्या दाराने आत येणाऱ्या बाईसाठी का जड वाटतो? फरक इतकाच की आपला पासपोर्ट आपल्या ड्रॉवरमध्ये असतो.

अजून एक. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय प्रवेश दिला. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच रस्त्याने नोकरीच्या आशेने गेलेली भारतातली पोरं सीमेपलीकडे म्यावड्डीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोटहून ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं. फिरायला जाणाऱ्याला सीमा उघडी आहे, राबायला जाणाऱ्याला त्याच सीमेवर दलाल भेटतो.

"मग काय, गोव्यालाच जायचं का?" गोव्याचं ऐका. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली. २५ माणसं मेली, त्यातली बहुतेक तिथे काम करणारी. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळमधून आलेली. पुष्कळ जण तळघरातल्या किचनमध्ये धुराने गुदमरले. मालकांपैकी दोघे भाऊ काही तासांत देश सोडून गेले. कुठे? फुकेतला! तिथे पकडून त्यांना परत पाठवलं. मजुराला तळघरातून जिना सापडला नाही आणि मालकाला पहाटेचं विमान सापडलं. तेव्हा प्रश्न थायलंड की गोवा असा नाहीच. बीच कुठलाही असो, राबणारा बाहेरगावचा असतो.

मग जाऊच नका असं मी म्हणतोय का? नाही. २०२०-२१ मध्ये पर्यटक बंद झाले तेव्हा बाली आणि फुकेतमध्ये सगळ्यात आधी घरी बसला तो रोजंदारीवाला. बहिष्काराने मालक दुसरा धंदा शोधतो, मजूर उपाशी राहतो. शिवाय लग्न एकदाच होतं, हौस करायचा हक्क सगळ्यांना आहे. माझं म्हणणं एवढंच, की जागा निवडताना पाण्याचा रंग बघता, रिव्ह्यू बघता, नाश्त्यात शाकाहारी काय आहे ते विचारता, मग आणखी चार प्रश्न विचारा.

कामगारांचे पासपोर्ट आणि कार्ड त्यांच्याच जवळ असतात का? हाउसकीपिंगवाले तुमच्या पगारावर आहेत की ठेकेदाराच्या? सर्व्हिस चार्ज घेता, तो त्यांच्यापर्यंत पोचतो का? आणि सीझन संपला की त्यांचं काय करता? बुकिंगच्या आधी ईमेलने विचारा. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तर आहे, दुसरं हॉटेल बघा. शेजारी नवीन विंग चढत असेल तर मागच्या रस्त्याने एक चक्कर मारा. पत्र्याच्या शेड दिसतील. पाणी कुठून भरतात, संडास किती आहेत, मजल्याच्या कडेला रेलिंग आहे का, हे बघायला डिप्लोमा लागत नाही. आणि रिव्ह्यू लिहाल तेव्हा सूर्यास्तासोबत हेही लिहा. मालक कायद्याला घाबरत नसेल, पण एका ताऱ्याला घाबरतो.

"आपल्या विचारण्याने काय होतं?" असं म्हणणाऱ्यांनी शिकागोकडे बघावं. सप्टेंबर २०१८ मध्ये इथल्या २६ हॉटेलांतले जवळजवळ ६,००० कामगार संपावर गेले. मुख्य मागणी होती की हिवाळ्यात धंदा मंदावला, घरी बसवलं, तरी आरोग्य विमा बारा महिने चालू राहावा. बऱ्याच हॉटेलांना ते मान्य करावं लागलं. खोलीत एकट्या काम करणाऱ्या बाईला धोक्याची सूचना देणारं बटण आधी शिकागोत २०१७ च्या नियमाने आलं, मग १ जुलै २०२० पासून इलिनॉयभर, म्हणजे आपल्या शॉमबर्गच्या कन्व्हेन्शन सेंटरजवळच्या हॉटेलांतही. हे कुणी फुकट दिलं नाही. त्या कामगारांना युनियन होती म्हणून ते मिळालं. फुकेतच्या बर्मी बाईला ती काढायची मुभा नाही, म्हणून तिच्या वतीने पाहुण्याने चार प्रश्न विचारायचे.

या सीझनला ग्रुपवर पुन्हा विचारणा होईल, "फुकेत की बाली?" तेव्हा उत्तर देणाऱ्यांना माझी विनंती आहे. हॉटेलचं नाव सांगा, भाडं सांगा, आणि तुम्ही काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, तेही सांगा. अशी दहा हॉटेलांची माहिती जमली तरी पुढच्या जोडप्याला उपयोग होईल, आणि निदान दहा मॅनेजरना कळेल की या गावची गिऱ्हाइकं असलं काही विचारतात.