पाषाणयुगातील पाच महिने

दर आठवड्याला या पानावर मी आपल्याशी चार गोष्टी बोलते. त्या बहुधा शब्दांच्या, पुस्तकांच्या, नाहीतर वर्गातल्या मुलामुलींच्या असतात. पण दिवाळी अंक हाती आला की खाण्याविषयी लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. मला कुठून आवरणार? फरक इतकाच की, इतर लेखिका काय खावे ते सांगतील आणि मी काय काय खाल्ले नाही, त्याची हकीकत सांगणार आहे.

गेल्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाषाणयुगात राहायला गेले. पाडव्याचे श्रीखंड तेवढे आधी उरकून घेतले. पाषाणयुगात दूध नाही, साखर नाही, आणि चक्का बांधायला पंचाही नाही.

पाश्चात्य देशांत ‘पॅलिओ’ नावाचा एक आहार बराच बोलबाला मिळवून आहे. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हा विषय मांडला, आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. म्हणणे थोडक्यात असे : माणसाची जात लाखो वर्षांची आणि शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. तेव्हा आपले शरीर अजून शिकाऱ्याचे आणि कंदमुळे वेचणाऱ्याचेच आहे. त्याला धान्य, डाळी, दूध, साखर मानवत नाही. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद आणि बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे एवढेच त्याने खावे.

आता मराठी शिकवणाऱ्या बाईला हे वेड कुठून लागले, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर विनोदी नाही. माझ्या आईला मधुमेह होता. तो आधी तिच्या डोळ्यांवर आला. आयुष्यभर ग्रंथालयाचे पुस्तक उशाशी घेऊन झोपणारी माझी आई शेवटची चार वर्षे एक ओळ वाचू शकली नाही. मी रविवारी जाऊन तिला वाचून दाखवी. ती ऐके, आणि मध्येच हात पुढे करून पुस्तकाच्या पानावरून बोटे फिरवी. गेल्या फाल्गुनात माझ्या रक्ताचा तीन महिन्यांचा साखरेचा आकडा ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, “अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाऊल मागे घ्या.” मला त्या क्षणी पानावर फिरणारी ती बोटे आठवली, आणि मी एका पावलाऐवजी दहा हजार वर्षे मागे गेले.

पहिल्या सकाळी सव्वासहा वाजता मला एक मोठा ऐतिहासिक साक्षात्कार झाला : आदिमानव चहा पीत नव्हता. दुसरा साक्षात्कार दुपारी झाला. शेंगदाणा हा दाणा नसून शेंगेच्या, म्हणजे कडधान्यांच्या गोत्रातला आहे, तेव्हा तो वर्ज्य! दाण्याचे कूट गेले की आपल्याकडची अर्धी भाजी गेली. उरलेल्या अर्धीत डाळीचे पीठ पेरलेले असते. शिवाय सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे घरात मांस-मासळी नाही. मागच्या गॅलरीत विजेची एक छोटी शेगडी मांडून मी अंडी शिजवू लागले. तीच माझी गुहा.

माझ्या विषयाचेही मोठे नुकसान झाले. मराठी भाषा ही धान्याच्या पिठाने मळलेली आहे, हे इतकी वर्षे शिकवूनही मला कधी जाणवले नव्हते. आपल्या पोळीवर तूप ओढणे, एखाद्याची डाळ न शिजणे, दुधात साखर पडणे, ताकापुरते रामायण सांगणे, खाल्ल्या मिठाला जागणे, पोटासाठी मीठभाकर मिळवणे, यांतला कोणता वाक्प्रचार गुहेत चालेल? स्टाफरूममध्ये डबे उघडले की माझ्यासमोर उकडलेला भोपळा आणि पाच बदाम. एक सहकारी रोज विचारीत, “बाई, आज काय शिकार?” भूगोलाच्या बाई मात्र काही न बोलता आपली पोळी झाकून खाऊ लागल्या. थट्टा सोसवते, ते झाकणे सोसवेना.

आणि खरी अडचण अशी की, जिभेची तक्रार आठ-दहा दिवसांत थांबते. माणसांची थांबत नाही. हळदीकुंकवाला गेले तर खिरापत नाकारायची, बारशाला गेले तर घुगऱ्या नाकारायच्या, पालक मुलाच्या नोकरीचे पेढे घेऊन आले तर तेही नाकारायचे. “नको” हा शब्द इतका वेळा उच्चारला की, मला माझ्याच स्वभावाची शंका येऊ लागली. सकाळी चौघांच्या पोळ्या लाटायच्या आणि आपण एकीनेच त्या खायच्या नाहीत, हेही विचित्रच. मुले पानावरून लवकर उठू लागली. यजमान वर्तमानपत्र वाचीत जेवू लागले.

सर्वांत अवघड गोष्ट सासूबाईंची. रात्रीच्या ज्वारीच्या भाकऱ्या त्या करतात. सत्तरी ओलांडली तरी ते काम त्यांनी सोडलेले नाही. पहिले पंधरा दिवस त्या माझ्या वाटणीची भाकरी थापीतच राहिल्या. ती दुरडीत तशीच राही आणि सकाळी त्या ती कुस्करून खात. एकदा मी म्हटले, “आई, माझी नका करत जाऊ.” त्या म्हणाल्या, “बरं.” एवढेच. पण त्या दिवसापासून त्यांनी मला जेवायला हाक मारणे सोडले. रागाने नव्हे, हाक मारून वाढायचे काय, हा त्यांना प्रश्न पडला असावा.

आषाढात मी दरवर्षीप्रमाणे मुलांना घेऊन नेवाशाला गेले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तो खांब मुलांना दाखवते आणि मग आम्ही प्रवरेच्या काठी बसतो. आजवर माझे लक्ष नेहमी खांबाकडे असे; यंदा ते नदीतल्या गोट्यांकडे गेले. कारण हे नेवासे नुसते ज्ञानोबांचे नाही. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. प्रवरेच्या थरांत त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. पुढे १९६६ ते १९६९ मध्ये गुद्रून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषींनी जवळच्या चिर्की येथे खोदून दगडी हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. लाखो वर्षांपूर्वी या काठावर माणूस वावरत होता. माझा खराखुरा पूर्वज, आणि माझ्या आहाराचा मूळपुरुष!

पण तो काय खात होता, हे त्या कुऱ्हाडी पुरते सांगत नाहीत. दगड टिकतो, पाला आणि कंद टिकत नाहीत. आणि जिथे काही टिकले, तिथे ते पुस्तकांच्या विरुद्ध बोलते. इटलीपासून रशियापर्यंत सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दळण्याच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. जॉर्डनमध्ये शेतीच्याही आधीच्या, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत जळक्या भाकरीचे तुकडे मिळाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. म्हणजे शेती करण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी बाई रानातले दाणे वेचून, भरडून, भाकरी थापीत होती. (बाईच असणार, असे मला वाटते, पुरावा मागू नये.) शेतीने भाकरी आणली असे मी समजत होते. कोण जाणे, भाकरीच्याच ओढीने माणूस शेतीकडे वळला असेल!

घरी आल्यावर हे सारे मी सासूबाईंना सांगितले. त्यांचे माहेर नेवासे तालुक्यातलेच. नदीकाठच्या माणसांना धान्य ठाऊक नव्हते, ती कंदमुळांवर राहत, असे मी सांगत होते. त्या निवडत असलेले तांदूळ थांबवून म्हणाल्या, “मग बहात्तर सालीच राहत असतील ती.”

आणि मग त्या बोलू लागल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या लग्नाला दुसरे वर्ष होते, वय अठरा. विहिरीने तळ दाखवला, बैल विकले. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दिवसभर दगड फोडायचे, संध्याकाळी रेशनचा लाल मिलो आणायचा. अमेरिकेहून आलेली ती ज्वारी. तिची भाकरी धड थापली जायची नाही, आणि घशाखाली उतरायची नाही. मुलांना सुकडी मिळे. “पण मिलो तरी होता,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी तोही संपला, त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी तरवडाचा पाला आणला होता. मी तो शिजवला. तो कडूजहर पाला त्यांनी एकट्यांनीच खाल्ला आणि म्हणाले, मला भूक नव्हतीच.”

मी काही बोलले नाही. मी ज्या पाषाणयुगात हौसेने राहायला गेले होते, तिथे या बाई अठराव्या वर्षी खडी फोडून आल्या होत्या. रोज रात्री दुरडीत तशीच राहिलेली भाकरी त्यांना काय दिसत असेल, हे मला तेव्हा कळले.

तरीही, वाचकहो, मी दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. कारण माझ्या आईची बोटेही खोटी नव्हती. दोन खऱ्या गोष्टी एका ताटात मावेनात, अशी माझी अवस्था झाली.

तोड निघाली ती भाद्रपदात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, नांगराच्या शेतातले चालायचे नाही, असा आपल्याकडे नेम आहे. परसात हाताने लावलेले अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, सुरण यांची भाजी करायची आणि त्यावर दिवस काढायचा. सासूबाईंनी ती भाजी मोठ्या पातेल्यात केली, आणि पाच महिन्यांनी प्रथमच मला हाक मारली, “ये गं, आज दोघींचं एकच जेवण आहे.” आम्ही शेजारी बसलो. त्यातले मक्याच्या कणसाचे तुकडे मी हळूच बाजूला काढले. त्यांनी ते पाहिले आणि हसल्या.

मग म्हणाल्या, “तुझं हे खाणं काही वाईट नाही. ते आमच्या बायांना ठाऊकच होतं. पण बैलाला एक दिवस विसावा म्हणून आपण हे करतो. रोजच त्याला घरी बसवलंस, तर तो बिचारा जाईल कुठं?”

एवढ्या पुस्तकांनी जे सांगितले नाही ते या एका वाक्याने सांगितले. सोडणे आपल्या घराला नवे नाही. एकादशी आहे, चातुर्मास आहे, ऋषिपंचमी आहे. (“एकादशी नि दुप्पट खाशी” हा भाग सोडून द्या.) पण आपल्या सोडण्याला तिथी असते, आणि ते सोडणे सगळ्या घराचे असते. मी मात्र एकटीने सोडले, कायमचे सोडले, आणि वर त्याला शास्त्र म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. आकडा ५.८ वर आला होता, वजन सहा किलोंनी उतरले होते. हे श्रेय गुहेचे, की साखरेचा चहा, बिस्किटे आणि फरसाण सुटल्याचे, की रोज कॉलेजला पायी जाण्याचे, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना मी भाकरीचे विचारले. ते म्हणाले, “भाजी भरपूर असेल तर रात्री एक भाकरी खा. साखर आणि मैदा मात्र गुहेबाहेर आणू नका. आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दाखवा.” मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या वाचकांना तर मी हात जोडून सांगेन की, असला कोणताही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, माझ्या लेखावर तर मुळीच करू नका.

आता रात्री एक भाकरी, तीही सासूबाईंच्या हातची. सकाळी अंडी, दुपारी भाज्या, चहा बिनसाखरेचा. दाण्याचे कूट परत आले आहे. भूगोलाच्या बाई पोळी झाकत नाहीत. ही पॅलिओवाल्यांच्या दृष्टीने भ्रष्टता असेल. पण पाच महिन्यांचा नेम मोडला तरी जो आता चालू आहे तो मला मरेपर्यंत झेपेल असे वाटते. जे ताट घरच्या पंगतीत बसत नाही, ते फार दिवस वाढले जात नाही.

परवा सासूबाईंनी दिनदर्शिका काढून वसुबारस कधी आहे ते पाहिले. त्या दिवशी आमच्याकडे गहू नाही, मूग नाही, गाईचे दूधतूप नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. “म्हणजे दिवाळीची सुरुवात तरी तुझ्या मनासारखी होईल,” त्या म्हणाल्या. पुढच्या दिवसांचे काय, ते मी विचारले नाही. डब्यात करंज्या भरताना एक त्या वेगळी ठेवतील, हे मला माहीत आहे. ती एकच असेल, हेही माहीत आहे. आणि ती मी खाणार आहे.