स्वस्त व्याजाला भुलू नका!

"भारताची श्रीलंका होणार" आणि "आपल्याला कर्जाची कसली भीती", हे दोन्ही मेसेज भुकूम-पिरंगुटच्या ग्रुपवर फिरतायत. मंडळी, दोन्ही चूक! कर्ज किती, याच्याआधी विचारा: कुणाकडून आणि कुठल्या चलनात?

श्रीलंकेने २००७ पासून परदेशी खासगी गुंतवणूकदारांना डॉलरमधले सरकारी रोखे विकले. २०२२ मध्ये डॉलर आटले. एप्रिलमध्ये परतफेड थांबवली, पेट्रोलला रांगा लागल्या. एक धनको बँक तर थेट न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली.

भारत सरकारने असे डॉलर रोखे विकलेले नाहीत. परदेशी फंड आपले रोखे घेतात, पण रुपयात. रुपया पडला की फटका त्यांना.

२०१९ च्या बजेटमध्ये मात्र निर्मला सीतारामन यांनी परदेशात परकीय चलनात कर्ज काढायचं जाहीर केलं. टीका झाली, विषय बारगळला. व्याज कमी दिसतं म्हणून तो परत उकरू नका. रुपया घसरला की तेच व्याज महाग पडतं, आणि भरायचं आपल्याच करातून.

१९९१ मध्ये देशाचं सोनं विमानाने लंडनला गहाण गेलं होतं. इतक्यात विसरलात?