हलणारा काटा वहीतून खोडू नका

प्रयोगवहीत एकाच राशीची पाच निरीक्षणे घ्यायची असतात आणि पुष्कळ वह्यांत ती पाचही अगदी एकसारखी असतात. काटा थोडा हलला की आपण मधला आकडा लिहितो व हालचाल सोडून देतो. ही सवय आपण मोडली पाहिजे, असे माझे मत आहे. या हालचालीलाही अर्थ असतो.

विजेरी न जोडलेल्या साध्या रोधाच्या दोन टोकांमध्येही विद्युत्‌दाब सतत सूक्ष्म प्रमाणात वरखाली होत असतो, कारण उष्णतेमुळे आतील इलेक्ट्रॉन धडपडत असतात. यालाच औष्णिक गोंगाट म्हणतात. १९२८ साली जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. जॉन्सन यांनी तर त्या गोंगाटावरूनच बोल्टझमनचा स्थिरांक काढला!

आता ‘स्क्विड’ या उपकरणाकडे पाहा. अतिसंवाहक पदार्थाचे छोटे कडे आणि त्यात दोन नाजूक सांधे, एवढीच त्याची रचना. पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून दहा कोटी पटींपेक्षाही दुबळे असे मेंदूचे क्षेत्र ते टिपते. जुने स्क्विड ४.२ केल्विन तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावे लागे. १९८७ साली सुमारे ९२ केल्विनलाच अतिसंवाहक होणारा इट्रियमयुक्त पदार्थ सापडला आणि ७७ केल्विनचा द्रवरूप नायट्रोजन पुरेसा ठरला. हेलियम दुर्मिळ व महाग. नायट्रोजन मात्र आपल्याकडे जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी खेडोपाडी पोचतो.

मग हेलियम कायमचा सुटला काय? नाही. ७७ केल्विनला औष्णिक ऊर्जा अठरापट असते. रोध तेवढाच धरला, तर विद्युत्‌दाबातील चढउतार तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे सव्वाचारपट वाढतात. गोंगाटात संकेत बुडू नये म्हणून कडे लहान करावे, तर ते क्षेत्रही कमी गोळा करते. म्हणून मेंदूच्या अभ्यासात हेलियमचे स्क्विड अजून टिकून आहे, तर उघड्या रानात खनिजे शोधण्यासाठी नायट्रोजनचे सोयीचे पडते. ही निवड करता येते ती गोंगाट प्रामाणिकपणे मोजला म्हणूनच.

शाळेतला काटा हलतो तो बहुधा सैल जोडणीमुळे किंवा टेबलाला बसलेल्या धक्क्यामुळे. औष्णिक गोंगाट त्याहून फारच सूक्ष्म असतो. पण कारण शोधायचे, तर हालचाल आधी नोंदवायला हवी. शिक्षकांना माझी विनंती आहे, की निरीक्षणे एकसारखी नाहीत म्हणून गुण कापू नयेत. ती तशी का आली, हे विद्यार्थ्याला विचारावे आणि त्या उत्तराला गुण द्यावेत.