नवा सर्व्हर घेण्याआधी जुने मोजा




डेटा सेंटर म्हटले की ऐरोली, महापे, पनवेल ही नावे येतात आणि सोलापूरकर पान उलटतो. आपल्याकडे तसली काचेची इमारत नसेलही, पण नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, रुग्णालये, महाविद्यालये, सरकारी कार्यालये यांत सर्व्हरची एखादी खोली असतेच. या खोल्यांसाठी नवे यंत्र, नवा एसी किंवा गच्चीवर सौर पॅनेल घेण्याचा ठराव होण्याआधी आतली किती यंत्रे खरोखर कामाची आहेत ते तपासावे आणि उरलेली बंद करावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी नोकरी अशाच खोल्यांत गेली. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. लेखा विभागाच्या मागची खोली, तिला पश्चिमेची भिंत, एसी १८ अंशांवर, रॅकमध्ये अर्ध्या जागा रिकाम्या आणि एखाद्या जुन्या यंत्रावर सेलोटेपने चिकटवलेला कागद : ‘हे मशीन बंद करू नये.’ कोणी लिहिले, का लिहिले, सांगणारा निवृत्त झालेला. एका संस्थेत आम्ही अशा यंत्राची फक्त नेटवर्कची वायर काढून ठेवली. महिनाभर एकाही टेबलावरून तक्रार आली नाही. तरी ते बंद करायला साहेबांची सही मिळेना, कारण डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद होती आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी करायचा हे ठरत नव्हते. रजिस्टरमध्ये डेड, मीटरवर मात्र जिवंत!

बिनकामाचा सर्व्हर वीज खात नाही, हा गैरसमज आहे. जुन्या यंत्राला पूर्ण कामाच्या वेळी जेवढी वीज लागते, तिच्यातली निम्म्याच्या आसपास ते नुसते चालू राहायलाच घेते. असे यंत्र २५० वॉट घेते असे धरा. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे २,१९० युनिट. त्याची उष्णता बाहेर काढायला एसी, शिवाय यूपीएसमधली गळती. सोलापूरच्या उन्हाळ्यात साध्या स्प्लिट एसीवर चालणाऱ्या खोलीत ही वरकड वीज यंत्राच्या विजेइतकीच होऊ शकते. म्हणजे ४,३८० युनिट, दहा रुपये दराने जवळपास ४४ हजार रुपये. आणि काम शून्य.

आपल्या जिल्ह्यात याला पाण्याचीही बाजू आहे. फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प १,३२० मेगावॉटचा आहे आणि त्याचे पाणी उजनीचे. नव्या औष्णिक केंद्रांना केंद्राच्या नियमांनुसार एका युनिटमागे तीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. तिथली वीज ग्रीडमध्ये जाते, थेट आपल्या बोर्डावर येत नाही, हे मान्य. तरीही कोळशाच्या विजेवर हिशोब केला तर त्या एका रिकाम्या यंत्रापायी वर्षाला १३ हजार लिटर पाणी गेले. दिवसचे दिवस नळाच्या पाण्याची वाट पाहिलेल्या शहराला या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

उपाय जुनाच आहे. एका दमदार यंत्रावर हायपरवायझर, म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर, बसवायचे आणि हजेरी, ग्रंथालय, पगारपत्रक, फाइल सर्व्हर अशी वेगवेगळ्या खोक्यांतली कामे त्यावर आभासी सर्व्हर म्हणून चालवायची. आयबीएमने हे मेनफ्रेमवर १९७२ सालीच दिले होते. साध्या सर्व्हरवर ते रुळवणारी व्हीएमवेअर कंपनी १९९८ची. ब्रॉडकॉमने ती २०२३ मध्ये घेतल्यापासून परवान्याचा खर्च अनेकांना झेपेनासा झाला, हे खरे. पण त्याच कामासाठी केव्हीएम आहे, प्रॉक्समॉक्स आहे. ते वापरायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. लागतो तो शिकलेला माणूस, आणि अभियांत्रिकीची मुले या शहरातून दरवर्षी पुण्याची गाडी पकडतात.

‘एक यंत्र पडले तर दहा कामे बंद पडतील’ हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून यंत्रे दोन घ्यावीत, एकाचा भार दुसऱ्याला पेलेल एवढी मोकळीक ठेवावी आणि बॅकअप तिसऱ्या जागी ठेवून तो परत उभा राहतो का, हे अधूनमधून करून पाहावे. दहाच्या जागी दोन. पण पुरवठादाराचे ‘आमच्या सॉफ्टवेअरला स्वतंत्रच सर्व्हर लागेल’ हे पालुपद मात्र ऐकून घेऊ नये. प्रत्येक योजनेबरोबर एक सर्व्हर पदरात पडतो तो याच वाक्यामुळे. निविदेतच अट घाला : आभासी सर्व्हरवर चालत नसेल तर कारण लेखी द्या.

आता सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या जमातीचा दोष. आभासी सर्व्हर करायला पाच मिनिटे लागतात, म्हणून तो कुणीही मागतो आणि आम्ही देतो. चाचणीसाठी केलेला चाचणी संपल्यावरही राहतो. दोन वर्षांत मेमरी भरते आणि आम्हीच तिसऱ्या यंत्राची मागणी पाठवतो. जुने खोके बंद न करता त्यातले काम नव्यावर नेले, तर वीज वाढलीच. म्हणून प्रत्येक आभासी सर्व्हरला मालक आणि मुदत हवी. मुदतीनंतर मालकाने पुन्हा मागितला नाही, तर तो बंद. ‘सगळे क्लाउडवर टाका’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणे : अडगळ नवी मुंबईला नेली तर ती अडगळच राहते, फक्त तिचे भाडे सुरू होते.

फारसा खर्च नसलेली दोन कामे उद्याच करता येतील. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर पत्रे लावा, म्हणजे मागची गरम हवा फिरून पुढे येणार नाही. मग एसी २४ वर न्या. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते, असे आश्रे ही या क्षेत्रातली मानके ठरवणारी संस्थाच सांगते. १८ अंश यंत्राला लागत नाहीत, ते पाहुण्यांना दाखवायला लागतात.

जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. त्यात आपल्या खोल्यांचा वाटा नगण्य आहे. बिल मात्र आपणच भरतो. तेव्हा महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ आणि सहकारी बँकांनी सर्व्हरच्या खोलीला स्वतंत्र मीटर बसवावे आणि वर्षाचे युनिट वार्षिक अहवालात छापावेत. सभासदांनाही विनंती : सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होतील. लाभांशाच्या चर्चेआधी एकदा विचारा, आपले सर्व्हर किती, त्यांतले कामाचे किती आणि वर्षाला युनिट किती? उत्तर मिळाले नाही, तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.

— एक वाचक, जुळे सोलापूर