गायरान मिळाले, राखणार कोण?

नवरात्र सरते तेव्हा भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या पश्चिम अंगाला हळवी भाते पिवळी पडलेली असतात, निमगरवी पसवलेली असतात आणि माळावरचे गवत कमरेइतके वाढून फुलोऱ्यात आलेले असते. ओढ्यांचे पाणी निवळलेले असते. वर्षातील सर्वांत देखणे दिवस ते हेच, असे राजगड-तोरण्यावर पुण्याहून येणारी मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु याच सहा-आठ आठवड्यांत गावाच्या सामाईक जमिनीचे पुढील वर्षाचे भवितव्य ठरत असते, ही गोष्ट त्या पाहुण्यांना ठाऊक नसते, तालुक्याच्या कचेरीला तिचे सोयरसुतक नसते, आणि भूमिहीनांच्या हक्कांसाठी उमेदीची वर्षे वेचणाऱ्या कार्यकर्त्यांचेही तिच्याकडे लक्ष गेलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

सामाईक जमीन म्हणजे गायरान, गवताचे कुरण आणि देवराई. महसुली दफ्तरात यांना निरनिराळी नावे असतील. गावाच्या लेखी ती गावाचीच. मावळपट्टीत या जमिनीला विशेष महत्त्व आहे, कारण दरीतली चांगली खाचरे या मुलखाने इतरांसाठी सोडली. वेळवंडीवरील भाटघरचे मोठे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. आंबी नदीवरील पानशेत १९६१ च्या १२ जुलैला फुटले तेव्हा पुणे शहराचे हाल झाले म्हणून ते सर्वांच्या स्मरणात राहिले. त्या पाण्याखाली कोणाची भातशेती होती, हे फारसे कोणी विचारले नाही. पुढे वरसगाव झाले, नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले. पाऊस येथे कोसळतो, पाणी खाली जाते आणि चैत्रात धरणाच्या वरच्या वाड्यांतील बाया हंडे घेऊन झरे शोधतात. खोरे पाण्याखाली गेल्यावर उरला तो उतार. मोसे खोऱ्यातील लवासा प्रकरणात केंद्रीय पर्यावरण खात्याने २०१० साली काम थांबविण्याची नोटीस दिली, तेव्हा या उतारांना शहरी पैशाने काय मोल लावले आहे हे सर्व महाराष्ट्राला कळले. त्या उतारांवर आज जे तारेचे कुंपण दिसते ते बहुधा खासगी जमिनीभोवती असते. पण कुंपण एकदा पडले की गुरांची वाट बंद होते, आणि वाट बंद झालेले गायरान पाच-दहा वर्षांत कोणाचेच राहत नाही.

वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नावाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. राजगडाच्या पायथ्याच्या गायरानांचे काय, एवढाच प्रश्न त्या निर्णयानंतर जिथल्या तिथे उभा आहे.

आता शरदात या जमिनीवर करावयाचे काम तरी काय असते? पहिले काम रानमोडी उपटण्याचे. ही परदेशी झुडपे माळ आणि देवराईच्या कडा एकसारख्या गिळत चालली आहेत. गुरे त्यांना तोंड लावीत नाहीत. कार्तिकाच्या सुमारास रानमोडी फुलू लागते आणि मग तिचे केसाळ बी वाऱ्याबरोबर डोंगरभर पसरते. आश्विनात जमीन ओली असते, तेव्हा झुडूप मुळासकट हातात येते. महिनाभराने माती आवळते आणि कोयत्याने वरवर छाटण्यापलीकडे काही होत नाही. छाटलेली रानमोडी पुढच्या पावसात दुप्पट फुटते. म्हणजे दसरा ते दिवाळी या अवधीत जो हात लागेल तोच कामाचा.

दुसरे काम गवताचे, आणि त्यात खरी जाण लागते. मारवेल, पवन्या यांसारखे गवत फुलोऱ्यात कापले तर त्यात सत्त्व असते, उशीर केला तर नुसते काड उरते. कुसळीला कुसळे आली की गुरांच्या तोंडाला जखमा होतात. उलट सगळेच गवत बी झडण्यापूर्वी कापून नेले, तर माळ दोन-चार वर्षांत विरळ होतो. तेव्हा कोणता तुकडा आधी कापायचा, कोणता बियाण्यासाठी राखायचा आणि गुरे कधी सोडायची, हे कोणी तरी ठरवावे लागते. न कापलेले गवत पौष-माघात वाळून कोळ होते आणि मग वणवा. वणवा लागल्यावर वनखात्याला दूषणे देणे सोपे असते. जाळरेषा मात्र त्याआधीच, गवत अर्धवट ओले असताना काढावी लागते. राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या कोणी किती तोडाव्यात याचाही हिशेब याच दिवसांत होतो. तो झाला नाही तर झाडाचे खांब तेवढे उरतात.

तिसरे काम पाण्याचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा आता सर्वत्र परिचित आहे. त्याची सारी गंमत वेळेत आहे. परतीच्या पावसाआधी घातला तर एका लोंढ्यात वाहून जातो. मार्गशीर्षात घातला तर अडवायला धार उरत नाही. तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो, आणि जुन्या गोण्या पावसाळ्यापूर्वी काढाव्या लागतात, नाही तर त्यांच्या चिंध्या खालच्या खाचरांत जाऊन रुततात. बंधारा घालतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. गोण्या काढतानाचे अद्याप कोठे आलेले दिसत नाही.

चौथे काम रोपांचे. जुलैत लावलेले रोप पावसात जगतेच, त्यात कोणाचा पराक्रम नाही. आश्विनात त्याच्याभोवतीचे गवत काढून, आळे करून, तेच गवत बुडाशी पसरले तर ओल टिकते आणि ते चैत्र पाहते. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या १ जुलैला २ कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढे तो ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटींवर नेला. हे सारे आकडे लावणीचे. कार्तिकातल्या आळ्यांचा आकडा कोणत्याही मंत्र्याने मागितल्याचे ऐकिवात नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्यात समाजवाद्यांचाही वाटा होता, पण त्या कामांचीही मोजणी खड्डे आणि बांध यांतच होत आली. राखण्याचे श्रम मोजमाप-पुस्तकात मावत नाहीत. खरे तर त्यांना ‘काम’ म्हणायलाच आपली व्यवस्था तयार नाही. घरातल्या बाईच्या श्रमांना जो न्याय, तोच गायरानाला.

ही उपमा अपघाताने आलेली नाही. या चारही कामांत बायांचे हात अधिक असतात आणि कुरण कधी खुले करायचे हे ठरविणाऱ्या बैठकीत पुरुष बसलेले असतात. शिवाय हेच दिवस भातकापणीचे. घरटी तरणी माणसे पुण्या-मुंबईच्या कामांना गेलेली. जी उरली त्यांना आधी खाचर, मग उडवी, मग झोडणी. अशा वेळी शहरातून दिवाळीच्या सुटीत श्रमदानाचे शिबिर घेऊन येणाऱ्या उत्साही मंडळींनी हे ध्यानात घ्यावे की, गाव आळशी नसून त्याच्या कंबरेला उसंत नाही. इर्जिक ही याच अडचणीतून जन्मलेली रीत आहे: आज सर्वांनी एकाच्या शेतात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. शिबिराने गायरानावर दोन दिवस खोरे चालवून परत जाण्यापेक्षा एकट्या विधवेचे खाचर कापून दिले, तर तीच बाई पुढे रानमोडी कशी उपटायची हे शिकवील.

मात्र इर्जिकेचे गोडवे गाताना एका गोष्टीचा विसर पडू नये. इर्जिक समानांमध्ये चालते. ज्याच्याकडे खाचरच नाही त्याने आज दुसऱ्याच्या शेतात राबावे, तर उद्या त्याच्या शेतात राबायला कोणी कोठे यावे? कातकरी आणि दलित वस्त्यांच्या दृष्टीने श्रमदान हा अनेकदा जुन्या वेठीचाच सोज्ज्वळ अवतार असतो. गायरानाचा प्रश्न येथे खरा अवघड होतो, आणि पुरोगामी मंडळी त्याला बगल देत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९७० च्या ऑगस्टमध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांनी भूमिमुक्तीचे आंदोलन केले. गायरानावर शेती करणाऱ्या दलितांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने १९९१ साली घेतला. तो न्याय्य होता. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या. सामाईक जमीन राखणे हे तत्त्व निर्विवाद आहे. पण नोटीस आधी झोपडीला लागते. गायरानाची वाट अडविणाऱ्या बंगल्याच्या फाटकाला ती चिकटत नाही.

चराईबंदीचेही असेच. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या जोरावर उजाड डोंगर हिरवे केले, हा आदर्श सर्वत्र सांगितला जातो आणि सांगितला जावाही. तथापि बंदीचा पहिला फटका चार शेळ्यांवर जगणाऱ्या घराला आणि डोंगरमाथ्याच्या धनगराला बसतो, म्हशी बांधून चारणाऱ्याला नव्हे. बंदीच्या काळात शेळीवाल्याच्या घराला कापलेल्या गवताचा वाटा कोण देणार, हे आधी ठरले नाही तर ती बंदी म्हणजे बहुमताने केलेली लूट होय. आणि गवताचा लिलाव झाला तर वाटा देण्याचा प्रश्नच संपतो. ज्याने बोली लावली त्याचा ट्रक येतो.

याला उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भोरच्या शेजारी पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन काम आरंभले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा कणा असा की, पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, घरटी कमाल अडीच एकरांपर्यंत. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही, आणि भूमिहीनालाही तो हक्क आहे. धरणाच्या कालव्याने जे पन्नास वर्षांत केले नाही ते या नियमांनी कागदावर तरी निर्विवादपणे मांडले. मग गवताला हाच नियम का लावू नये? कुरणाचे गवत गुरांच्या संख्येवर वाटले तर ज्याची गुरे अधिक त्याला ते मिळणार. माणशी वाटले तर भूमिहीनही ते कापील, वापरील किंवा विकील, आणि मग त्याला ते राखण्यातही स्वारस्य वाटेल.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने कष्टकऱ्यांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने देण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. तेथील भाडेकराराचा रिवाज असा की, तुकडा पडीक ठेवला तर नोटीस येते आणि तो रांगेतल्या दुसऱ्याला मिळतो. मालकी नगराची, वापर राबणाऱ्याचा. सामाईक मालमत्ता उजाडच होणार, हा गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेला सिद्धांत आपल्याकडील खासगीकरणाच्या भाटांना फार प्रिय आहे. जी सामाईक संसाधने लोकांनी स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले, याचा उल्लेख ते करीत नाहीत.

वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. जे सामुदायिक वन गाव परंपरेने राखत आले ते राखण्याचा, पुन्हा वाढविण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क तो गावाला देतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली तो मिळविला आणि २०११ साली स्वतःच्या परवान्याने बांबू बाहेर काढला. बिगर-आदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. मावळातील गावांना तो सिद्ध करणे जड जाऊ नये. शिरकाई, वाघजाई, काळकाई यांच्या नावाने राखलेल्या देवराया हा त्याचा उभा पुरावा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांवर शास्त्रीय लेखन केले, तेव्हा त्यांनी हाच ठेवा जगापुढे मांडला. देवीच्या धाकाने राखले ते हक्काच्या जाणिवेने राखता येईल काय, हा प्रश्न मंदिराचे सिमेंट-काँक्रीट करण्यासाठी देवराईतली झाडे तोडली जातात तेव्हा बोचऱ्या रीतीने समोर येतो.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. ती नेमकी या हंगामाच्या तोंडाशी येते, आणि बहुतेक ठिकाणी शपथ, हार आणि सह्या यांवर आटोपते. भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी त्या सभेच्या विषयपत्रिकेवर चार बाबी लेखी घालाव्यात: इर्जिकेचे दिवस कोणते, ज्यांना खाचर नाही त्यांच्या गायरानावरील दिवसांची मजुरी कोठून द्यायची, गवताचा लिलाव बंद करून माणशी वाटा कसा ठरवायचा, आणि कुरण खुले करण्याची तारीख बायांच्या सभेने ठरवावी की नाही. मुंबईला असलेल्या घरांनी दिवसाऐवजी पैसे भरावेत काय, यावर भांडण होईल. ते सभेतच होऊ द्यावे. तोवर ओढ्याची धार बारीक होऊ लागलेली असेल. गोण्या आधीच गोळा करून ठेवाव्या लागतात.