साका, क्ष-किरण आणि बागाईतदाराची वही

हापूसच्या बागाईतदारास साक्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. फळ वरून निर्दोष, रंग व वास उत्तम. परंतु सुरी लावताच कोयीलगतचा गर पांढरट, पोकळ व आंबट निघतो. अशा एका फळामुळे गिऱ्हाईक सबंध पेटीविषयी साशंक होते आणि बोल मात्र बागाईतदारास लागतो.

फळ न कापता आत पाहण्याची सोय शास्त्राने केली आहे. बिघडलेल्या गरात हवेच्या पोकळ्या असतात. तेथून क्ष-किरण अधिक सहज पार होतात व तो भाग चित्रात वेगळा उमटतो. हापूसमधील साका अशा रीतीने ओळखता येतो, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखविले. मात्र साध्या चित्रात कोयीची छाया गराच्या छायेत मिसळते. यावर उपाय म्हणजे त्रिमितीय चित्रण होय. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र प्रथम घेतले, तेच हे तत्त्व. अनेक कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून संगणक आतील एकेक थर उभा करतो; मग कोय व गर निरनिराळे दिसतात. क्ष-किरणांनी फळ किरणोत्सर्गी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या मते या पद्धतीचे खरे मोल सदोष फळे वेचून काढण्यात नाही. कापलेले फळ एकदाच पाहता येते; न कापलेले फळ तोडणीपासून पिकेपर्यंत पुनःपुन्हा पाहता येते. साका केव्हा सुरू होतो व कसा पसरतो, हे त्यावरून उमगेल. म्हणून हे महागडे यंत्र प्रथम संशोधन-केंद्रात हवे. बागेबागेत त्याची आवश्यकता नाही.

परंतु फळ कोणत्या कलमाचे, कितपत तयार असता उतरविले, नंतर किती वेळ उन्हात पडले, हे यंत्रास दिसत नाही. ही माहिती बागाईतदाराच्या वहीतच मिळावयाची. नोंदीवाचून आलेले फळ संशोधकास अर्धेच उपयोगी पडते. गावोगावच्या कृषी कार्यकर्त्यांनी अशी नोंद ठेवण्यास बागाईतदारांस साह्य करावे.

तोवर हाती असलेले उपाय सोडू नयेत. फळ चौदा आणे तयार होताच उतरवावे, लगेच सावलीत न्यावे, कलमाखाली वाळल्या पाल्याचे आच्छादन करावे. नवी लागवड करताना नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेल्या, साक्यापासून मुक्त अशा 'रत्ना' जातीचाही विचार व्हावा.

येत्या हंगामात प्रत्येक गावी निदान दहा कलमांपासून ही नोंद सुरू व्हावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.