विश्लेषण : कॉलऱ्याचे कोडे सशाच्या आतड्यात कसे सुटले?

रुग्णाच्या शरीरात जिवाणू सापडला म्हणून त्यानेच रोग झाला, हे सिद्ध होत नाही. तो रोग कसा घडवतो, हे तर त्याहून कठीण कोडे. त्यासाठी तोच रोग प्राण्यात घडवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. कॉलऱ्याबाबत मात्र हे जवळपास सात दशके नीट जमले नव्हते.

अडचण काय होती?

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू हाच कॉलऱ्याचे कारण असल्याचे सांगितले. पण प्राण्यांना तो खाऊ घालूनही माणसासारखे जुलाब होईनात. पोटाच्या पोकळीत टोचला तर प्राणी मरत. मात्र तो मृत्यू कॉलऱ्याचा नसे.

शंभूनाथ डे यांनी वेगळे काय केले?

कोलकात्याच्या या विकृतिशास्त्रज्ञाने सारे लक्ष आतड्यावर केंद्रित केले. सशाच्या लहान आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगला. हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून काढलेला द्रव वापरला, तरी परिणाम तोच. म्हणजे पाणी बाहेर खेचणारे जिवाणू नव्हे, तर त्यांनी सोडलेले विष होते.

सशाने सगळे सांगितले का?

नाही. बांधलेल्या आतड्यातून जिवाणू जठरातील आम्लातून कसे तगतात, हे कळत नाही. कॉलऱ्यात आतड्याचे अस्तर शाबूत राहते, याचा पुरावा १९६० मध्ये रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांच्या तपासणीतून मिळाला. अस्तर शाबूत असल्यानेच मीठ-साखरेचे पाणी शोषले जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते सर्रास वापरले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

आजचा प्रश्न कोणता?

नव्या औषधांच्या चाचणीसाठी मानवी पेशींपासून बनवलेले सूक्ष्म अवयव, ‘ऑर्गन-ऑन-चिप’ असे पर्याय वापरण्याची वाट भारताने २०२३ मध्ये नियम बदलून मोकळी केली. हे स्वागतार्हच. पण संसर्गात आतडे, रोगप्रतिकारशक्ती, रक्ताभिसरण हे सारे एकाच वेळी गुंतलेले असते आणि तो सगळा गुंता अजून चिपवर उतरलेला नाही.

म्हणून ‘प्राणी हवेत की नकोत’ एवढ्यावर वाद थांबू नये. नेमका प्रश्न कोणता, हा प्राणी त्याचे उत्तर देऊ शकतो का आणि तेच उत्तर प्राण्याविना मिळेल का, हे प्रत्येक प्रयोगाआधी विचारले गेले पाहिजे. चुकीच्या प्रश्नापायी गेलेला जीव रुग्णाच्याही उपयोगी पडत नाही.